उदगीरहून जर्मनीला निघालेल्या ब्रदरसाठी

प्रश्न उदगीरच्या एका तरुणाचा आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, लातूरच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं आयसीयूत काम केलंय, जर्मनची बी-२ परीक्षा पास आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका लहान गावच्या रुग्णालयात नोकरी ठरलीय. बायको आणि तीन वर्षांची मुलगी सहा-आठ महिन्यांनी जातील. तो विचारतो, "ताई, सोबत काय नेऊ? पहिले सहा महिने कसे काढू? आणि आई-वडील इथं एकटे राहणार, त्यांचं काय?"

वयानं धाकटा आहेस आणि ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. मी लातूरची. २०१४ पासून नऊ वर्षं त्याच राज्यात, स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका रुग्णालयात सिस्टर होते. आता लातुरात जर्मन शिकवते आणि निघालेल्यांची तयारी करून घेते.

बॅगेचं आधी उरकते, कारण सगळे तिथंच अडकतात. काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, हळद, पापड बिनधास्त ने. घरचं तूप, खवा, कुंथलगिरीचे पेढे नेऊ नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ता आणि आंब्याचंही तेच. आई रडली तरी तुपाची बरणी घरीच ठेव. जोंधळ्याचं पीठ दोन किलो ने, पण ते भाकरीसाठी कमी आणि धीरासाठी जास्त. तिथं आशियाई दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं, फक्त बऱ्याचदा जुनं असतं, त्यामुळं भाकरी विरते. उकड काढून थाप, म्हणजे जमेल. जाड स्वेटर इथून घेऊन वजन वाढवू नको, आपल्याकडचं गरम कापड तिथल्या थंडीला पुरत नाही. त्याऐवजी कागद ने. दहावीची सनद, नर्सिंगच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला. सगळ्यांवरचं नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून वाच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात जातं, आणि वडिलांचं नाव तुझ्या स्वतःच्या नावाला चिकटतं. बायकोच्या कागदांवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर ते आत्ताच निस्तर. तिथल्या कारकुनाला "आमच्याकडं असंच असतं" हे पटत नाही, आणि त्याची चूकही नाही.

आता तुझा खरा प्रश्न, सहा महिन्यांचा. मी आजवर ज्यांना तिथं गळपटताना पाहिलं, ते थंडीनं किंवा जेवणानं गळपटले नाहीत. त्यांना "कळलं नाही" एवढे दोन शब्द म्हणता येत नव्हते. मलाही येत नव्हते.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. एका आजीबाईंना आम्ही दोघी पलंगावरून खुर्चीत बसवत होतो. पलीकडची सिस्टर म्हणाली, "हेब!" पुस्तकात हेबन म्हणजे उचलणं. मी जोर लावून उचललं. ती किंचाळली. त्या भागात श्वेबिश बोली चालते आणि त्या बोलीत हेबन म्हणजे धरून ठेवणं. उचलायला त्यांच्याकडं 'लुप्फन' असा वेगळाच शब्द आहे. आजीबाई सावरल्या, माझ्या कमरेत मात्र उसण भरली ती पंधरा दिवस. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी 'टेप्पिश' मागितला. टेप्पिश म्हणजे गालिचा, एवढं मी शिकले होते. मी फरशीकडं बघत उभी. त्यांना पांघरायला ब्लँकेट हवं होतं, श्वेबिशमध्ये तोही टेप्पिशच. आजोबा कुडकुडत होते आणि मी मान हलवत होते.

ती मान हलवणंच घातक. आपण समोरच्याला बरं वाटावं म्हणून हलवतो, आणि तिथं तिचा अर्थ 'समजलं, करते' असाच घेतला जातो. वॉर्डात अशा एका मानेनं औषधाचा डोस चुकू शकतो. बी-२ पास असलास तरी पहिले तीन महिने तुला निम्मं कळणार नाही, हे गृहीत धर. आपण मराठवाड्याची माणसं, 'काय करायलास' म्हटलं की पुण्यात कसं बघतात ते आपल्याला माहीत आहे. बोली म्हणजे काय हे तुला कुणी शिकवायला नको. खिशात वही ठेव, शब्द लिही, आणि सरळ म्हण, "कळलं नाही, पुन्हा सांगा, हळू सांगा." पहिल्यांदा जीभ जड होते. चारचौघांत अडाणी ठरू असं वाटतं. पण तिथं विचारणाऱ्याला कुणी अडाणी म्हणत नाही, न विचारता चूक करणाऱ्याला मात्र बेजबाबदार म्हणतात. आणि न विचारता कुणी स्वतःहून सांगायलाही येत नाही. आपल्याकडं माणूस चौकात गोंधळलेला दिसला की चार जण येतात, त्यातले दोघं चुकीचा रस्ता सांगतात. तिथं कुणी येणार नाही. तू विचारलंस तर मात्र तोच माणूस थांबून, नकाशा काढून, अर्धा रस्ता सोबत येईल.

कामाचा दुसरा धक्का तुला जास्त बसेल, कारण तू आयसीयूतला आहेस. आपल्याकडं रुग्णाचं अंग पुसणं, बेडपॅन देणं, भरवणं हे नातेवाईक नाहीतर वॉर्डातल्या मावशी करतात. सिस्टर-ब्रदरकडं औषधं, सलाईन, नोंदी. तिथं नातेवाईक येतात, फुलं ठेवतात, तासभर बसतात आणि जातात. सकाळी सहा-सात रुग्णांची अंघोळ, दात, दाढी, डायपर, न्याहारी हे सगळं नर्सिंग म्हणूनच करायचं असतं, आणि शिरेत सुई टोचायचं जे काम तू झोपेतही करशील ते बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. "मी यासाठी शिकलो का?" हे वाक्य मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून ऐकलंय. माझं उत्तर एकच, माणसाची दाढी करून देताना त्याची त्वचा, श्वास, मनःस्थिती सगळं कळतं. मॉनिटरवर ते दिसत नाही. हे मला पटायला वर्ष लागलं. तुला आधी पटलं तर उत्तम, नाही पटलं तरी काम तर करायचंच आहे.

त्यात तुझ्या पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत पगार मदतनिसाचा असतो. तुझे कागद तपासून ते काय कमी आहे त्याचं पत्र देतात, मग एकतर काही महिन्यांचा पूरक प्रशिक्षणाचा काळ किंवा परीक्षा. परीक्षेत नापास झालास तर ती पुन्हा एकदाच देता येते. तुझा अनुभव पाहता परीक्षा सोपी जाईल असं वाटेल, पण ती जर्मनमध्ये बोलून द्यायची असते. निवड तुझ्या हातात असेल तर प्रशिक्षण घे. वेळ जातो, पण वॉर्ड कळतो. करारात मधेच सोडलं तर किती पैसे परत करायचे हे कलम कुठं आहे ते सही करण्याआधी शोध. आणि कुणी एजंट तुझ्याकडून नोकरी लावल्याचे लाख-दोन लाख मागत असेल तर तिथंच थांब. परदेशी नर्सांच्या भरतीसाठी जर्मन सरकारचं एक गुणवत्ता चिन्ह आहे आणि त्याची अटच अशी की भरतीचा खर्च मालकानं करायचा, नर्सनं नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून त्याचं नाव सांगत फिरणारेही वाढलेत, म्हणून हे सांगून ठेवते.

आता कागदांचं राज्य. आपल्याकडं ओळखीनं काम होतं, तिथं पत्रानं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही लागते. त्या नोंदणीनंतर तुझा कराचा क्रमांक पोस्टानं येतो. पण पत्रपेटीवर तुझं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. 'तिसरा मजला, डावीकडचं दार' अशी भानगडच नाही, पेटीवरचं नाव हाच पत्ता. मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, माझा क्रमांक परत गेला आणि दोन महिने पगारातून जबर कर कापला गेला. पुढल्या वर्षी विवरणपत्र भरून तो परत मिळाला, पण ते दोन महिने मी पाव आणि बटाट्यावर काढले. त्यामुळं विमानातून उतरल्यावर आईला फोन आणि पेटीवर नाव, या दोन गोष्टी त्याच दिवशी.

पत्रं येतच राहतात. नभोवाणी आणि टीव्हीचं शुल्क घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट आहे, टीव्ही नसला तरी. ते पत्र आलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी लुबाडतंय, म्हणून खणात टाकलं. मग स्मरणपत्र, मग दंड. खणात टाकलेलं प्रत्येक पत्र महाग होऊन बाहेर येतं. पिवळं पाकीट आलं तर विशेष सांभाळ. त्यावर पोस्टमननं टाकलेल्या तारखेपासून उत्तराची मुदत सुरू होते, म्हणून पाकीटही फेकायचं नाही. पत्र कळलं नाही की त्याच आठवड्यात कुणाला तरी दाखव, वॉर्डातल्या सिस्टरला, भाषेच्या वर्गातल्या बाईंना. लाज वाटते, मान्य. पण जर्मन माणसालासुद्धा ती सरकारी जर्मन एका वाचनात कळत नाही, हे मला तिसऱ्या वर्षी एका जर्मन मैत्रिणीनंच सांगितलं.

घराचं थोडक्यात. जाहिरातीतलं भाडं 'थंड' आहे की 'उबदार' ते बघ. थंड म्हणजे नुसतं घर, उबदार म्हणजे पाणी, हीटिंग, कचरा वगैरे धरून, वीज बहुधा तरीही वेगळी. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुला कायद्यानं हक्क आहे. बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नळाचं तोंड बाहेर आलेलं, बस. म्हणून पहिलं वर्ष रुग्णालयाच्या वसतिगृहात काढ. हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि अनामत तिच्यातच जाते. फोडणी देणाऱ्यानं तर खिडक्या नक्कीच उघडायच्या. रविवारी दुकानं बंद आणि ड्रिल मशीनही बंद.

त्या भागाची खासियत म्हणजे 'केअरवोखं', जिना झाडायचा आठवडा. शब्दात आपला केर ऐकू येतो म्हणून मला तो लगेच पाठ झाला, अर्थ मात्र उशिरा कळला. एका सोमवारी माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसली. कुणाची तरी चुकून आली असेल म्हणून मी ती समोरच्या दाराला लावली. तिथं सत्तरीच्या एक बाई राहायच्या. संध्याकाळी पाटी पुन्हा माझ्या दारावर. मी पुन्हा त्यांच्या. तिसऱ्यांदा त्या स्वतः आल्या, एका हातात पाटी, दुसऱ्यात झाडू. मी आयुष्यात पहिल्यांदा न लाजता म्हणाले, "कळलं नाही." त्यांनी जिना झाडून दाखवला, कठडा कसा पुसायचा ते दाखवलं, आणि शेवटी चहाला बोलावलं. पुढं मी तिथं असेपर्यंत माझी सगळी पत्रं त्यांनीच वाचली.

पण तुला सांगायचंय ते एकटेपणाचं. पहिला महिना उत्साहात जातो, दुसरा धावपळीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो येतो, बहुधा हिवाळा धरून. डिसेंबरात तिथं सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला मावळतं. सकाळपाळीला अंधारात जायचं, परत येऊन कपडे बदलेपर्यंत पुन्हा अंधार. आपण जन्मभर उन्हापासून तोंड लपवलेली माणसं, तिथं जरा ऊन पडलं की जेवण टाकून बाहेर पळायला शीक. येळवस म्हणजे आपला शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. तिथली माझी पहिली येळवस मला अजून आठवते. घरचे सगळे शेतात, पाची पांडव मांडलेले, भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. भावानं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुवायच्या मशीनसमोर बसले होते. आई म्हणाली, "काय करायलीस? जेवलीस का?" म्हटलं, "सगळं बरंय." कॉल ठेवला आणि मशीन थांबेपर्यंत रडले.

'सगळं बरंय' म्हणजे न कळता मान हलवण्याचाच घरगुती प्रकार. आणि तो दोन्हीकडून चालतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ती बातमी मी वॉर्डातल्या टीव्हीवर जर्मनमध्ये पाहिली. तोवर रोज घरी फोन होत होता आणि आई रोज "बरंय" म्हणत होती. नळ कोरडे, टँकरच्या मागं घागरी, आणि मी तिथं पेशंटच्या अंघोळीसाठी पाणी कोमट होईस्तोवर सोडून ठेवायची. तिला विचारलं तर म्हणाली, "तुला तिथं कशाला घोर लावायचा?" तेव्हापासून नळ सोडून ठेवायची सवय गेली. ठरवून सोडली असं नाही, हात आपोआप जायचा.

म्हणून आई-वडिलांची सोय करताना औषधांच्या डब्याआधी एक खरं सांगणारं माणूस ठरव. सख्खं नको, सख्खे लपवतात. चुलतभाऊ, समोरच्या काकू, मेडिकलवाला, कुणीही. त्याला सांग, आठवड्यातून एकदा जाऊन नुसतं बघून ये आणि मला खरं काय ते कळव. माझ्यासाठी ते काम आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्या मामांनी केलं. आईची साखर वाढल्याचं मला त्यांच्याकडून कळलं, आईकडून नाही. तू आई-वडिलांना काय सांगायचं, तर सगळं दुःख सांगू नको, पण एखादी खरी अडचण सांगत जा. आज भात करपला, आज बस चुकली. मग तिकडूनही खरं येऊ लागतं. फोनची वेळ बांधून घे. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात वडील तासभर फोनकडं बघत बसू नयेत म्हणून आधी सांगून ठेव.

पैशांचं दोन ओळीत. इथलं बचत खातं बँकेत सांगून एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घे, तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. करारावरचा पगार म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, आणि बायको भारतात असेपर्यंत कर जास्त कापतो. पहिल्या वर्षी गावाकडं घराचं बांधकाम काढू नको. सगळे काढतात, आणि मग तिथं जादा पाळ्या करून पाठ मोडून घेतात.

बायकोबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. माझ्या मते सगळ्यात अवघड वाट तिची आहे. तुला वॉर्ड आहे, मुलीला बालवाडी मिळेल, ती सहा महिन्यांत जर्मनमध्ये उत्तरं देऊ लागेल. घरात उरते ती बायको, चार भिंती आणि बाहेर बर्फ. व्हिसाला लागो न लागो, तिची ए-१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, आजपासून सुरू कर. उदगीरहून लातूरला येणं जमत नसेल तर ऑनलाइन, पण सुरू कर. तू तिच्यासाठी दुभाषा होशील तर वर्षभरात दोघंही वैतागाल. बालवाडीच्या जागा कमी असतात, ती तिकडं पोचायची वाट न बघता नगरपालिकेत नाव कसं नोंदवायचं ते विचारून घे. आजारपणाची काळजी करू नको. सरकारी पद्धतीच्या विम्यात तुझ्या हप्त्यावरच, वेगळे पैसे न भरता, तिचा आणि मुलीचा विमा होतो, फक्त तिची स्वतःची कमाई ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नसावी.

माणसं जोडायची तर दोन दारं उघडी ठेव. एक आपल्या लोकांचं, गणपती, दिवाळी, महाराष्ट्र मंडळ. तिथं जा, पण राहू नको. प्रत्येक सुट्टीला फक्त मराठीत बोललास तर बी-२ वर्षभरात गंजते. दुसरं दार गावातल्या एखाद्या संस्थेचं, तिला ते 'फेराइन' म्हणतात. व्हॉलीबॉल, गाणं, अग्निशमन दल, बागकाम, काहीही. दुसऱ्या येळवशीला मी तुर्की दुकानातून मिळतील त्या शेंगा आणि पालेभाज्या आणल्या, बेसन लावून भज्जी केली आणि वॉर्डातल्या चौघींना जेवायला बोलावलं. एकीनं विचारलं, हे कसलं सूप? मी सांगितलं, ज्या शेतात हे पिकतं तिथंच बसून खायचं असतं. त्यानंतर त्यांनी मला एका रविवारी द्राक्षतोडणीला नेलं.

शेवटचं, आई-वडिलांना बोलावण्याचं. त्यांचे पासपोर्ट आत्ताच काढ, तब्येत चालतेय तोवर. भेटीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मे महिन्यात बोलाव, डिसेंबरात नको. माझी आई २०१८ च्या मेमध्ये आली. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून परतले तर ती समोरच्या बाईंच्या बाल्कनीत, दोघी शेंगा निवडतायत. आई मराठीत बोलतेय, बाई श्वेबिशमध्ये, आणि दोघींचं काही अडलेलं नव्हतं. व्हिसासाठी शेतीचे कागद जोडणार असशील तर सातबाऱ्यावर आणि आधारवर वडिलांचं नाव एकच आहे का ते बघ. आमच्या बापूंचं सातबाऱ्यावर एक होतं आणि आधारवर दुसरं, ते जुळवता जुळवता तो उन्हाळा निघून गेला, म्हणून आई एकटीच आली.